वाघाने वाचलेली जुनी आवृत्ती

गेल्या वर्षी सप्टेंबरमधल्या एका शनिवारी मी चौथीच्या वर्गात उभा होतो आणि एक वाघ चुकीचं वाक्य अगदी बिनचूक वाचत होता.

झालं असं, की आमच्या कंपनीत वर्षातले काही तास समाजकार्याला द्यायचे असतात. त्याचं एक पोर्टल आहे. त्यात तास भरायचे, मॅनेजर ते मंजूर करतो. बहुतेक जण झाडं लावतात. मी पुण्यातल्या महापालिकेच्या एका शाळेत शनिवारी सकाळी मुलांना 'वाचनाची गोडी' लावायला जायचो. ('गोडी' हा शब्द पोर्टलवरचा. त्याच्याकडे परत येऊ.) इंजिनिअरिंगला असताना पुरुषोत्तमसाठी बॅकस्टेजला दोन वर्षं वायरी ओढल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर मी ठरवलं की नाटक करायचं. गोष्ट निवडली भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची. चार पानांची संहिता, मोठा टाइप, वर्गातल्या प्रत्येकाला काही ना काही वाक्य. नेपथ्य नाही, मिशा नाहीत, पाठांतर तर अजिबात नाही. कागद हातात धरायचा आणि बघून वाचायचं. आपल्याकडे मोठी माणसं याला अभिवाचन म्हणतात. अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांमध्ये हेच 'रीडर्स थिएटर' या नावाने चालतं.

त्यामागचा विचार साधा आहे आणि मला तो आजही पटतो. एस. जे. सॅम्युअल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली 'पुन्हा पुन्हा वाचन' या पद्धतीबद्दल एक निबंध लिहिला. अडखळत वाचणाऱ्या मुलाला रोज नवा उतारा देण्यापेक्षा एकच छोटा उतारा सरसर वाचता येईपर्यंत परत परत वाचायला द्यावा, असं त्याचं म्हणणं. अक्षरं जुळवण्यातच सगळी शक्ती संपली तर अर्थाकडे लक्ष द्यायला काही उरत नाही, म्हणून आधी जुळवणं आपोआप व्हायला हवं. आता एकच धडा दहा वेळा वाच म्हटलं तर कोणतं मूल वाचेल? पण तालमीत तेच वाक्य दहा वेळा म्हणायला कोणालाही काही वाटत नाही. तालीम ही पुनरावृत्तीला सापडलेली एक सभ्य सबब आहे.

तर वाघ. त्याचं नाव सांगत नाही, आम्ही सगळे त्याला वाघच म्हणायचो. शेवटच्या बाकावरचा, घोगऱ्या आवाजाचा मुलगा. पहिल्याच तालमीत त्याने अशी डरकाळी फोडली की पुढच्या बाकावरच्या मुलीच्या हातातली पाण्याची बाटली पडली. जूनमध्ये मी प्रत्येकाला पुस्तकातला एकेक परिच्छेद वाचायला सांगितला होता, तेव्हा तो घसा बसल्याचं खोटं सांगून खाली बसला होता. आणि ऑगस्टमध्ये हाच मुलगा कागद समोर धरून, ओळीखालून बोट फिरवत, घडाघडा वाचत होता. मी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. पोर्टलवर टाकला. खाली लिहिलं की जूनमध्ये एक परिच्छेदही वाचू न शकणारा मुलगा नाटकामुळे वाचू लागला. तो व्हिडिओ आमच्या महिन्याच्या सभेत मोठ्या पडद्यावर दाखवला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सप्टेंबरमध्ये मी संहितेत थोडा बदल केला. वाघाचं एक वाक्य होतं, "मी दोन दिवस उपाशी आहे." ते मला सपक वाटलं, म्हणून शुक्रवारी रात्री त्या जागी "माझ्या पोटात कावळे ओरडतायत" असं टाकलं आणि सगळ्यांना नव्या प्रती वाटल्या. वाघाची पाळी आली. त्याने कागद धरला, ओळीखाली बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "मी दोन दिवस उपाशी आहे." मी म्हटलं, पुन्हा बघ. त्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हटलं. शेजारचा कुजबुजला, "अरे, कावळे, कावळे." वाघाने क्षणभर विचार केला, म्हणाला, "कावळे!" आणि डरकाळी फोडली. वर्ग हसला. मीही हसलो. पण पोटात खड्डा पडला होता.

माझ्या धंद्यातल्या माणसाला हे चित्र ओळखीचं असतं. डेटाबेसमध्ये माहिती बदललेली असते, पडद्यावर जुनीच दिसत राहते, कारण मध्ये कुठेतरी जुनी प्रत साठवून ठेवलेली असते. पडदा बघून कळत नाही. मूळ माहिती बदलली की कळतं. वाघ कधीच वाचत नव्हता. तो ऐकत होता. त्याने स्वतःचीच नाही, तर अख्ख्या नाटकातली सगळ्यांची वाक्यं कानाने उचलली होती. बोट फिरवणं हा अभिनय होता, आणि तोही किती बारकाईचा! खरं तर माझ्या नाटकातलं सर्वांत चांगलं काम ते होतं.

चूक माझी होती हे समजायला फार हुशारी लागत नाही. गोष्ट मी अशी घेतली होती, जी त्या वर्गातल्या प्रत्येकाला आजीने, नाहीतर यूट्यूबने सांगितलेली होती. उत्तर प्रश्नाच्या आधीच वर्गात हजर होतं. ग्रामीण भागात 'असर'चे कार्यकर्ते घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावतात, तेव्हा एकेका मुलासमोर अक्षरं, शब्द, उतारा आणि गोष्ट असलेला कागद ठेवतात. मूल एकटं असतं आणि गोष्ट त्याने आधी ऐकलेली नसते. २०२२च्या पाहणीत देशातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं साधारण पाचात एक निघाली. त्या चारांपैकी कितीजण वर्गात सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून धडा म्हणत असतील, हा विचार मी त्याआधी केलाच नव्हता.

मी बाईंना सांगायला गेलो. बाई हजेरीपट भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माहितीये मला."

"कधीपासून?"

"दुसरीपासून."

"मग मला बोलला का नाहीत?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, तो शनिवारी शाळेत यायचा नाही. आता येतो. तुम्ही शूटिंग केलं त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलंन, मी वाचलं म्हणून. मी काय बोलणार होते?"

मला राग आला. नंतर त्या रागाचं काय करायचं हे कळेना, कारण तो नक्की कोणावर आहे हेच ठरवता येत नव्हतं. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मी एकाच प्रश्नात अडकलो होतो, आणि या लेखाचं कारण तोच प्रश्न आहे. मुलाने वाचावं म्हणून त्याला नाटकाचं आमिष दाखवणं हे प्रामाणिक आहे का?

आता त्या 'गोडी'कडे येतो. कडू औषध गुळात घालून देतात. गूळ दिला की मुलाला औषध जातं, हे खरं. पण गूळ देताना आपण त्याला आणखी एक गोष्ट सांगत असतो, की हे कडू आहे. मुलं हे पटकन ओळखतात. 'चला, आज आपण गंमत करणार आहोत' असं म्हणणाऱ्या माणसाच्या पिशवीत काहीतरी कंटाळवाणं आहे, हे चौथीतल्या पोराला पक्कं ठाऊक असतं. मला हे इतरांपेक्षा जास्त समजायला हवं होतं, कारण माझी नोकरीच गुळाची आहे. मी एका अ‍ॅपच्या त्या टीममध्ये आहे, जी तुम्ही परत यावं म्हणून लाल ठिपका दाखवते, सलग किती दिवस आलात ते मोजते आणि एक दिवस चुकलात तर हळहळते. तुम्हाला काय हवं आहे हा प्रश्न आमच्या बैठकीत येत नाही. तुम्ही परत आलात का, एवढाच येतो.

बक्षिसांबद्दलचा एक प्रयोग बराच प्रसिद्ध आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत, मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता दिलं, काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी बघितलं तर ज्यांना आधी कबूल करून प्रमाणपत्र दिलं होतं, ती मुलं स्वतःहून रंगाच्या पेनांकडे इतरांपेक्षा कमी वेळा वळली. तरीही अमेरिकेत १९८४पासून एक पिझ्झा कंपनी पुस्तकं वाचणाऱ्या मुलांना पिझ्झा देत आली आहे. पिझ्झाने काय बिघडतं ते उघड आहे. पुस्तकाचा आणि पिझ्झ्याचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण नाटकाचं तसं नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. नाटक तर त्या मजकुराचंच असतं! मग माझ्या लक्षात आलं की आमच्या वर्गात नाटक तसं उरलं नव्हतं. वाघाला हवी होती ती टाळी, आणि माझा मोबाइल. टाळी हाही पिझ्झाच. मला स्वतःलाही तेच हवं होतं, फक्त माझी टाळी मोठ्या पडद्यावर वाजली.

याच दिवसांत मी रूसो वाचत होतो. आधी सांगून ठेवतो, मुलांच्या शिक्षणावर जगाला शहाणपण शिकवणाऱ्या या गृहस्थाने स्वतःची पाच मुलं अनाथालयात दिली होती, तेव्हा त्याचं ऐकताना एक डोळा उघडा ठेवावा. शिवाय त्याचं नाटकाशी वैर. जिनिव्हात नाट्यगृह असावं असं दालाँबेरने सुचवलं, तर रूसोने १७५८ साली त्याला विरोध करणारं भलंमोठं पत्र छापलं. पण चारच वर्षांनी आलेल्या त्याच्या 'एमिल'मध्ये वाचन शिकवण्याची जी युक्ती आहे, ती शुद्ध नाटक आहे. लोक वाचायला शिकवण्याच्या नवनव्या पद्धती शोधतात आणि मुलाची इच्छा तेवढी विसरतात, असं तो म्हणतो. मग काय करायचं? एमिलला चिठ्ठ्या येतात. कोणी जेवायला बोलावलेलं असतं, कोणी फिरायला, कोणी नावेतून. चिठ्ठ्या लहान, स्वच्छ अक्षरातल्या. वाचून दाखवायला कोणीतरी हवं, पण ऐन वेळी कोणी सापडत नाही, किंवा सापडलेला माणूस टाळाटाळ करतो. शेवटी कोणी वाचतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते. साय खायला बोलावलेलं असतं आणि साय संपलेली असते. पुढच्या चिठ्ठीला एमिल स्वतः धडपडतो.

मला यात पहिल्यांदा फरक दिसला. साय हे वाचनाचं बक्षीस नाही. चिठ्ठीत जे लिहिलंय तेच वाचण्याचं कारण आहे. वाचलं नाही तर कोणी रागावत नाही, गुण कापत नाही, फक्त साय जाते. गूळ आणि गरज यांतला हा फरक. माझ्या संहितेत वाघाला वाचायची गरजच नव्हती. न वाचता सगळं मिळत होतं, आणि त्याने ते मिळवलं. याला मी फसवणूक म्हणत होतो, पण ज्याने जिन्याला दार ठेवलंच नाही त्याने कोणी फुकट वर गेलं म्हणून ओरडू नये.

पण त्याच पानावर दुसरी गोष्टही दिसली, आणि ती गिळली जात नाही. एमिलच्या आसपासची ती मोठी माणसं खोटं वागत असतात. त्यांना वाचता येतं. ती मुद्दाम वाचत नाहीत. गरज त्यांनी तयार केलेली आहे. नऊ वर्षांच्या मुलाला हवं असलेलं काही आपल्या हातात असताना, त्याच्या भल्यासाठी का होईना, ते रोखून धरायचा हक्क कोणी दिला? चालायला शिकणाऱ्या पोरापासून आईही दोन पावलं मागे सरकते, हे मान्य. पण ती हात पसरून सरकते. रूसोच्या घरात साय खरोखरच संपते.

दिवाळीनंतर मी हे करून पाहिलं. शेक्सपिअरच्या काळात नटांना पूर्ण नाटक मिळत नसे. प्रत्येकाला फक्त स्वतःची वाक्यं आणि त्याआधीच्या वाक्यातले शेवटचे दोन-तीन शब्द, एवढंच लिहिलेली कागदाची गुंडाळी मिळे. आपण 'रोल' म्हणतो तो शब्द त्या गुंडाळीवरूनच आलाय. मी एक नवी गोष्ट रचली, एसटी न आल्यामुळे फाट्यावर अडकलेल्या माणसांची. सव्वीस मुलं, सव्वीस चिठ्ठ्या, सगळ्या हाताने लिहिलेल्या. पूर्ण गोष्ट कोणाकडेच नाही. ती वर्गात सव्वीस तुकड्यांत पसरलेली. पहिल्याच दिवशी चार मुलं गैरहजर होती, त्यामुळे गोष्टीला चार भोकं पडली आणि एसटीचा ड्रायव्हर कशाने चिडला ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. मुलांना तेच जास्त आवडलं.

वाघ कंडक्टर होता. त्याच्या आधीचं वाक्य झालं आणि वर्ग थांबला.

मी ठरवलं होतं की मदत करायची नाही, थांबायचं. थांबलो. पाच-सात सेकंदच असतील, पण त्या वेळात मला कळलं की मी काय केलंय. याच्या हातात मी असा कागद दिला होता जो जगात दुसऱ्या कोणाकडे नव्हता, आणि आता सगळ्यांसमोर तो उघडा पडणार होता. जूनमध्ये घसा बसल्याचं सांगून त्याने ज्यातून सुटका करून घेतली होती, तिथेच मी त्याला दारं लावून उभं केलं होतं. मी पुढे होणार तेवढ्यात शेजारची मुलगी वाकली, चिठ्ठी बघितली, त्याच्या कानात काहीतरी म्हणाली आणि तो गरजला, "सुट्टे काढा, सुट्टे!" (कंडक्टर होता, तरी आवाज वाघाचाच.) पुढच्या मुलाने लगेच आपलं वाक्य सुरू केलं.

कोणी हसलं नाही. मी नंतर यावर बराच विचार केला. मुलं काही सद्गुणाचे पुतळे नव्हेत, एरवी ती एकमेकांना सोडत नाहीत. पण त्या क्षणी त्यांना त्याला येतं की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना पुढे काय होतं ते हवं होतं, आणि ते त्याच्या चिठ्ठीत होतं. आधीच्या नाटकात आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. या वेळी सगळे त्याच्या वाक्याची वाट बघत होते. आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी दोन वर्षं झाड होतो. मला कोणी बघत नव्हतं आणि माझी कोणी वाटही बघत नव्हतं, म्हणून असेल, पण हा फरक मला फार मोठा वाटतो.

तास संपल्यावर त्याने ती चिठ्ठी खिशात घातली आणि घरी नेली.

इथे नाटकाला मिळतं त्याहून जास्त श्रेय द्यायचा मोह होतो, म्हणून स्पष्ट सांगतो. नाटकाने त्याला एकही अक्षर शिकवलं नाही. बाईंनी तपासलं तेव्हा त्याला बरीच अक्षरं येत होती, पण वेलांटी आणि मात्रा लागली की सगळं विस्कटायचं, आणि जोडाक्षर दिसलं की तो थेट पुढच्या शब्दावर जायचा. ते काम बाईंनी केलं, रोज मधल्या सुट्टीत दहा-पंधरा मिनिटं. त्यात गंमत काही नव्हती. काना, मात्रा, परत काना. मी फक्त शनिवारी चिठ्ठ्या आणत होतो. गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला लक्ष्मीरामही चौथीचाच वर्ग घेतो आणि गोष्टींनी सुरुवात करतो, पण मग पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गात ग्रंथालय उभं करतो. म्हणजे भूक लावून थांबत नाही, ताटही मांडतो. हा अर्धा भाग आम्हा शनिवारच्या लोकांना दिसत नाही, कारण त्याचा व्हिडिओ निघत नाही.

व्हिडिओवरून आठवलं. तो अजून पोर्टलवर आहे. खाली तेच वाक्य आहे. बाजूला दुरुस्तीचं बटण आहे, मी दोनदा तिथपर्यंत जाऊन आलो. मनात एक युक्तिवाद तयार असतो, की आता तो खरंच थोडं वाचतो, मग वाक्य खोटं कुठे राहिलं? पण व्हिडिओ ऑगस्टचा आहे. बाईंना मी जो जाब विचारला, तो मला कोणी विचारलेला नाही, एवढाच आमच्यातला फरक. त्यांनी एका मुलाची लाज राखायला सत्य झाकलं, मी माझी टाळी राखायला. मी या दोन्हींना एकाच मापाने मोजत होतो.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी नवी गोष्ट होती, नव्या चिठ्ठ्या. वाघाच्या चिठ्ठीत होतं, "आजी पारावर वाट बघत बसली होती." त्याची पाळी आली. शेजारची मुलगी वाकली, तर त्याने कोपराने तिला बाजूला सारलं. बोट ठेवलं. एकेक अक्षर उचलत, मध्ये थांबत, त्याने वाचलं, "आजी पारावर... वाघ बघत बसली होती."

वर्ग फुटला. पुढच्या बाकावरची मुलगी इतकी हसली की तिला उचकी लागली. मीच एकटा हसत नव्हतो. कानाने पाठ करणारा मुलगा अशी चूक करूच शकत नाही. 'वा' दिसल्यावर पुढे स्वतःचा 'घ' घालायला आधी 'वा' वाचावा लागतो.

त्याने भुवया आवळल्या. चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. बोट परत त्या शब्दाखाली आणलं.

"वा... ट," तो म्हणाला. मग चिठ्ठी माझ्यासमोर धरली. "सर, तुमचं अक्षर खराब आहे."